आधी एट्रुस्कन, मग रोमन: रोमच्या परिसरातले प्राचीन अवशेष पहिल्यांदा बघताना

रोमला पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक पहिल्याच दिवशी कलोसियम आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, उरकतात. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर त्यांचं म्हणणं असतं, "कलोसियम भारीच, पण त्या फोरममध्ये नुसते दगड पडलेत." त्यांचं अगदीच चुकीचं नसतं. बाराशे-तेराशे वर्षांचं बांधकाम तिथे एकमेकांच्या अंगावर रचलेलं आहे. कोणता दगड कोणत्या काळातला, हे डोळ्यांना शिकवलं नसेल तर दुसरं काही दिसणारच नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: फोरम शेवटी ठेवा. आधी एट्रुस्कन बघा, मग रोमन. रोमनांमध्येही आधी साधं गाव आणि मग राजधानी. दुसरं म्हणजे, उत्खननाची जागा आणि तिथल्या वस्तूंचं संग्रहालय ही एकाच तिकिटाची दोन अर्धी आहेत असं समजा. जागेवर खोल्या रिकाम्या असतात, कारण त्यातलं सामान संग्रहालयात गेलेलं असतं. संग्रहालयात सामान भरपूर, पण ते कुठल्या कोनाड्यात ठेवलं होतं हे तिथे कळत नाही. दोन्ही बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

निघण्याआधी

एट्रुस्कन कोण, हे चार वाक्यांत सांगतो. मध्य इटलीतला आजचा टस्कनी, लात्सियो या रोमच्या प्रांताचा उत्तर भाग आणि उंब्रियाचा काही भाग हा त्यांचा मुलूख. इ.स.पू. नवव्या शतकापासून त्यांची वस्ती ओळखू येते, सातव्या-सहाव्या शतकात ते ऐन भरात होते. रोमच्या सात राजांपैकी टार्क्विन नावाचे दोघे एट्रुस्कन घराण्यातले, असं परंपरा सांगते. इ.स.पू. ५०९ मध्ये दुसऱ्या टार्क्विनला हाकलून रोमनांनी प्रजासत्ताक आणलं, इ.स.पू. ३९६ मध्ये शेजारचं वेई हे एट्रुस्कन शहर जिंकलं आणि पुढच्या तीनशे वर्षांत सगळा एट्रुस्कन मुलूख हळूहळू रोममध्ये विरघळून गेला. भाषाही गेली. ती लॅटिनच्या कुळातली नव्हती, आपल्या संस्कृतच्याही नाही. लिपी मात्र ग्रीकांकडून घेतलेली, त्यामुळे अक्षरं वाचता येतात, पण बराचसा अर्थ अजून अडलेला आहे.

आता कामाचं. इटलीतली बहुतेक सरकारी संग्रहालयं आणि उत्खननस्थळं सोमवारी बंद असतात. कलोसियम-फोरम त्याला अपवाद, म्हणून आठवड्याची आखणी करताना सोमवार तिकडे टाका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी ठिकाणी प्रवेश फुकट असतो. व्हिला जुलियासारख्या शांत ठिकाणी त्याचा जरूर फायदा घ्या, पण कलोसियमला त्या दिवशी जाऊ नका; वाचलेले पैसे रांगेत वसूल होतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी ठिकाणी तिकीट लागत नाही, मग ती कुठल्याही देशाची असोत. फक्त वयाचा पुरावा हवा. कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट बरोबर असू द्या. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात, आणि तेच तिकीट चढ्या भावाने गळ्यात मारतात.

उघड्यावरच्या जागांची बंद होण्याची वेळ सूर्यास्तावर ठरते, म्हणजे हिवाळ्यात दुपारी लवकरच गाशा गुंडाळावा लागतो. शेवटचा प्रवेश बहुधा तासभर आधी बंद होतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर सकाळी दार उघडताना हजर राहा. बूट जाड तळव्याचे हवेत. रोमन रस्ते काळ्या बेसाल्टच्या मोठ्या दगडांचे आहेत, मधल्या फटी रुंद आहेत आणि त्यांत पाय मुरगळायला वेळ लागत नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि मोबाइलची चार्ज केलेली बॅटरी, कारण थडग्यांत टॉर्च लागतो. रोम शहरात रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी खुशाल प्यावं, बाटली तिथेच भरा.

संग्रहालयातल्या पाट्या वाचण्याची एक किल्ली. शतक रोमन आकड्यात लिहितात. त्यापुढे छोटा ए आणि मोठा सी असेल तर इसवी सनापूर्वी, छोटा डी आणि मोठा सी असेल तर इसवी सन. 'तोंबा' म्हणजे थडगं, 'कोर्रेदो' म्हणजे त्या थडग्यात मृताबरोबर ठेवलेलं सगळं सामान. 'इन रेस्ताउरो' म्हणजे वस्तू दुरुस्तीला गेली आहे आणि 'इन प्रेस्तितो' म्हणजे कुणाला तरी उसनी दिली आहे. ज्या वस्तूसाठी आपण आलो नेमकी तिच्या जागी ही चिठ्ठी असते, त्याला इलाज नाही. शक्यतो एका कोर्रेदोचं पूर्ण कपाट निवांत बघा. एकाच माणसाबरोबर काय काय पुरलं होतं हे एकत्र दिसलं की तो माणूस जरा उभा राहतो.

पहिला मुक्काम: व्हिला जुलिया

रोम शहरातच, बोर्गेसे बागेच्या कडेला हे राष्ट्रीय एट्रुस्कन संग्रहालय आहे. फ्लामिनियो मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाता येतं. वास्तू सोळाव्या शतकातली, पोप तिसऱ्या ज्युलियसने बांधलेला बागबंगला. १८८९ पासून इथे संग्रहालय आहे. व्हॅटिकनसमोर रांगा लागलेल्या असताना इथल्या काही दालनांत तुम्ही आणि रखवालदार असे दोघेच असता.

दोन-तीन तास ठेवा आणि सगळं बघण्याचा हट्ट सोडा. काळी चकचकीत भांडी दिसतील, त्यांना बुक्केरो म्हणतात. हे खास एट्रुस्कन काम. भट्टीत हवा कोंडून भाजल्यामुळे माती काळी पडते. फुटलेल्या भांड्याची कड बघा, रंग आतपर्यंत काळाच आहे. वरून रंग दिलेला असता तर आत लाल माती दिसली असती. शेजारी ग्रीक भांडी असतील, कारण एट्रुस्कन धनिक अथेन्सच्या भांड्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. तांबूस मातीवर काळ्या आकृती असतील तर ती जुनी पद्धत. काळ्या पार्श्वभूमीवर तांबूस आकृती असतील तर इ.स.पू. ५३०-५२० नंतरची. एवढं जमलं की पाटी न वाचता काळाचा अंदाज येऊ लागतो, आणि त्यात भलतीच मजा येते.

मग 'पतिपत्नीची शवपेटी' बघा. भाजलेल्या मातीची, जवळपास खऱ्या माणसांएवढी जोडी मेजवानीच्या पलंगावर टेकून बसलेली आहे. काळ इ.स.पू. ५३०-५२० च्या आसपास. चेर्वेतेरी या एट्रुस्कन शहरात (तोच आपला दुसरा मुक्काम) हे शिल्प शेकडो तुकड्यांत सापडलं आणि जोडून उभं केलं. समोरून फोटो काढून लोक पुढे जातात. तुम्ही पायांकडे या. बाईच्या पायात टोकं वर वळलेले मऊ बूट आहेत आणि नवरा अनवाणी आहे. हातांतल्या वस्तू हरवल्या आहेत, पण बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी वळलेली आहेत. ग्रीकांच्या मेजवानीत घरची बायको पुरुषांशेजारी अशी बसत नसे. एट्रुस्कन बायका बसतात, पितात, याचं ग्रीक लेखकांना फार वावडं होतं आणि त्यांनी त्यावर तिखटमीठ लावून लिहिलंही आहे.

आणखी दोन गोष्टी चुकवू नका. पिर्जी या बंदरातल्या देवळाजवळ १९६४ मध्ये सापडलेले तीन सोन्याचे पत्रे: दोन एट्रुस्कन भाषेत, एक फिनिशियनमध्ये, काळ इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. चेर्वेतेरीच्या राजाने देवीला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. एट्रुस्कन ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. दुसरी गोष्ट म्हणजे वेईचा अपोलो. हा देवळाच्या गाभाऱ्यात नव्हता, छपराच्या आढ्यावर उभा होता आणि खालून येणाऱ्या भक्ताला आकाशासमोर चालताना दिसायचा. एट्रुस्कन देऊळ लाकूड, कच्ची वीट आणि भाजलेल्या मातीचं असायचं. त्यामुळे ती देवळं आज जागेवर शिल्लक नाहीत, उरला आहे फक्त पाया. ते कसं दिसत असेल हे बघायचं तर संग्रहालयाच्या बागेत जा. अलात्रीच्या देवळाची खऱ्या आकाराची प्रतिकृती एकोणिसाव्या शतकाअखेरीपासून तिथे उभी आहे.

दुसरा मुक्काम: चेर्वेतेरीची दफनभूमी

इथे पूर्ण दिवस द्या. रोमच्या कोर्नेलिया मेट्रो स्थानकाबाहेरून कोत्राल कंपनीच्या बस गावात जातात. आगगाडीने जायचं तर लादिस्पोली-चेर्वेतेरी स्थानकावर उतरून पुढे स्थानिक बस घ्यावी लागते. रविवारी बस अगदी कमी असतात, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून ठेवा. गावापासून बान्दिताच्चा दफनभूमी दोनेक किलोमीटरवर आहे आणि चालत जाण्यासारखा रस्ता आहे. गावातली दुकानं दुपारी बंद होतात. पुणेकरांना त्याचं काही वाटणार नाही, बाकीच्यांनी खाण्याचं सामान आधीच घ्यावं. शाकाहारी असाल तर सकाळी बेकरीतून टोमॅटो किंवा बटाट्याचा पिझ्झाचा तुकडा बांधून घेतलेला बरा.

तारक्वीनियासह (तो तिसरा मुक्काम) ही जागा २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरलं की थडगी बघतोय असं वाटतच नाही, गावातून फिरतोय असं वाटतं. तुफा नावाचा मऊ ज्वालामुखी दगड कोरून रस्ते काढले आहेत आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. दोन्ही बाजूंना गोल, गवताने झाकलेले प्रचंड ढिगारे आहेत. हे सातव्या-सहाव्या शतकातले, मोठमोठ्या घराण्यांचे. पुढे गेल्यावर मात्र सरळ ओळीतली, एकसारख्या चौकोनी दारांची थडगी लागतात. हा सहाव्या शतकापासूनचा बदल. शहरात सधन मध्यमवर्ग वाढला आणि दफनभूमीची आखणीही बदलली, असं अभ्यासक मानतात. ढिगाऱ्यांकडून ओळींकडे असा क्रम ठेवलात तर हा बदल चालता चालता कळतो.

आत उतरल्यावर आधी छताकडे बघा. दगडात आढं कोरलं आहे, त्याला टेकणारे वासे कोरले आहेत. ज्यांनी भाजे-कार्ल्याची लेणी बघितली आहेत त्यांना हे नवं नाही: लाकडी घराची रचना, जिथे लाकडाची गरजच नाही तिथे दगडात उतरवलेली. फायदा असा की एट्रुस्कनांची खरी घरं नष्ट झाली, पण त्यांची नक्कल जमिनीखाली राहिली. दार, खिडकी, ओसरी, त्यामागे खोल्या असं सगळं. 'ढाली आणि खुर्च्यांचं थडगं' यात तर पाठीच्या खुर्च्यासुद्धा अखंड दगडात कोरलेल्या आहेत.

मग दगडी पलंगांकडे वळा. काहींना कोरीव पाय आहेत, काहींची टोकं घराच्या छपरासारखी त्रिकोणी आहेत. पायवाले पुरुषांचे आणि त्रिकोणी टोकांचे बायकांचे, अशी सर्वसाधारण खूण आहे. दाराबाहेरही तेच दिसतं: पुरुषांसाठी लिंगाकार दगडी खुंटा, बायकांसाठी छोट्या घराच्या आकाराचा दगड. एखाद्या थडग्याबाहेर हे खुंटे-घरं मोजली की आत कोण कोण होतं याचा हिशेब दारातच लागतो.

'उठावचित्रांचं थडगं' हे इथलं सगळ्यात गाजलेलं. चौथ्या शतकाअखेरचं, मातुना घराण्याचं. आत जाता येत नाही, काचेतून बघावं लागतं, त्यामुळे घाईत असलेले लोक अर्ध्या मिनिटात परत फिरतात. थांबा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. खांबांवर आणि भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात घरातलं सामान उठावात केलं आहे आणि रंगवलं आहे: दोराचं वेटोळं, चाकू, कुऱ्हाड, भांडी, पंखा. कोनाड्यांत उश्या आहेत. मधल्या पलंगाखाली पाताळाचा तीन डोक्यांचा कुत्रा आहे आणि पायपीठावर चपलांचा जोड. इतक्या घरगुती पसाऱ्यात तो राक्षसी कुत्रा बसवणाऱ्या कारागिराबद्दल मला नेहमी कुतूहल वाटतं.

पावसानंतर काही थडग्यांत पाणी साचतं, त्यामुळे पायऱ्या उतरण्याआधी टॉर्च मारून बघा. आणि दगडाचा किंवा खापराचा तुकडा खिशात घालू नका. इटलीत तो सरळ गुन्हा आहे.

परतताना गावातल्या रुस्पोली वाड्यातलं संग्रहालय बघा. छोटं आहे, तासाभरात होतं. इथे युफ्रोनियोस या ग्रीक चित्रकाराचं भांडं आहे: इ.स.पू. ५१५ च्या सुमाराचं, अथेन्समध्ये रंगवलेलं, त्यावर सार्पेडोन या वीराचं शव उचलणारे निद्रा आणि मृत्यू. ते १९७१ मध्ये इथल्याच एका थडग्यातून चोरांनी काढलं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने दहा लाख डॉलरना विकत घेतलं आणि बऱ्याच झगड्यानंतर २००८ मध्ये ते इटलीला परत आलं. पुढे रोमच्या मोठ्या दालनात न ठेवता या गावाला दिलं, हे मला फार योग्य वाटतं. चेर्वेतेरीतलंच, १८३६ मध्ये सापडलेलं रेगोलिनी-गलास्सी थडग्याचं सोनं मात्र व्हॅटिकनच्या ग्रेगोरियन एट्रुस्कन विभागात आहे. सिस्टीन चॅपेलकडे धावणारी गर्दी तो विभाग टाळून जाते. व्हॅटिकनला जाणार असाल तर तो उघडा आहे का, हे तिकीट काढताना विचारा.

तिसरा मुक्काम: तारक्वीनिया

रोमहून पिसाच्या दिशेने जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने सुमारे दीड तास. स्थानक गावापासून काही किलोमीटर खाली आहे, तिथून बस. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

चेर्वेतेरीत घर बघितलं, इथे त्या घरातली माणसं भेटतात. मोन्तेरोत्सी टेकडीवर सुमारे ६००० थडगी आहेत आणि त्यांपैकी २०० च्या आसपास रंगवलेली. बघायला वीसेक उघडी असतात. वरून दिसतं काय, तर गवताळ माळ आणि त्यावर छोट्या कौलारू खोपट्या. प्रत्येक खोपटीत खाली उतरणारा अरुंद जिना, शेवटी काचेचं दार आणि बाजूला दिव्याचं बटण. बटण दाबलं की थोडा वेळ उजेड, मग पुन्हा अंधार. माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने रंग सुटतात, म्हणून ही व्यवस्था. जिने चढ-उताराचे आणि बरेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सगळ्यांच्या मागे लागू नका, चार-पाच निवडा.

माझी निवड अशी. 'शिकार आणि मासेमारी' हे सहाव्या शतकाअखेरचं. कड्यावरून समुद्रात सूर मारणारा मुलगा, रंगीबेरंगी पक्ष्यांचे थवे, नाळेवर डोळा रंगवलेली होडी. मग 'चित्त्यांचं थडगं', इ.स.पू. ४८०-४७० च्या सुमाराचं. वर त्रिकोणात दोन ठिपकेदार प्राणी, खाली मेजवानी, एकाच्या हातात अंडं, बाजूला जोडबासरी आणि तंतुवाद्य वाजवणारे. 'शकुन बघणाऱ्यांचं थडगं' यात बंद दाराच्या दोन बाजूंना दोन पुरुष कपाळाला हात लावून उभे आहेत. शोकाची ती मुद्रा आहे. त्यानंतर एखादं चौथ्या-तिसऱ्या शतकातलं थडगं मुद्दाम बघा. तिथे मेजवानी मागे पडते आणि निळ्या-हिरव्या कातडीचे यमदूत येतात. याच काळात रोमशी लढाया हरत चालल्या होत्या. चित्रं उदास होण्याचं कारण तेच, असं बरेच जण सांगतात. मला ते जरा सोपं उत्तर वाटतं, कारण ग्रीक जगातही त्या वेळी मृत्यूच्या कल्पना बदलत होत्या.

गावातल्या वितेलेस्की वाड्यात संग्रहालय आहे. तिथे भाजलेल्या मातीचे पंखवाले घोडे आहेत, चौथ्या शतकातले, 'आरा देल्ला रेजीना' या मोठ्या देवळाच्या दर्शनी भागावरचे. त्यांच्या मानेच्या शिरा बघा. दफनभूमी आणि संग्रहालयाचं जोड तिकीट मिळतं. उन्हाळ्यात आधी टेकडी, मग वाडा, कारण टेकडीवर सावलीच नाही.

गाडी भाड्याने घेतली असेल तर आणखी उत्तरेला वुल्ची आहे. एकाच माळरानावर एट्रुस्कन वेशी, रोमन रस्ता, रोमन घर आणि बाजूला नदीवरचा उंच कमानीचा पूल. बसने तिकडे जाण्याच्या फंदात पडू नका. फ्लोरेन्समध्ये मुक्काम असणाऱ्यांसाठी सोपी जागा म्हणजे फिएसोले: शहरातून बस जाते आणि एकाच कुंपणात एट्रुस्कन देऊळ, त्यावरच बांधलेलं रोमन देऊळ, रोमन नाट्यगृह आणि स्नानगृह बघायला मिळतं.

चौथा मुक्काम: ओस्तिया अंतिका

आता रोमन. ओस्तिया हे प्राचीन रोमचं बंदर. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून ओस्तियाची गाडी निघते. तिला रोम शहराचं साधं बस-मेट्रोचं तिकीट चालतं. पॉम्पेईला जाण्याएवढा वेळ नसेल तर ओस्तियाने अजिबात कमीपणा येत नाही. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली एका झटक्यात गोठलं. ओस्तिया मात्र शतकानुशतकं वाढलं, बदललं आणि हळूहळू ओस पडलं, म्हणून बांधकामाच्या पद्धती शिकायला हीच जागा चांगली.

आत शिरलात की भिंती वाचायला लागा. मोठे चौकोनी तुफाचे ठोकळे चुन्याशिवाय रचलेले दिसले तर ते सगळ्यात जुनं, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मूळ छावणीच्या तटाचं. लहान चौकोनी दगड तिरके बसवून जाळीसारखी नक्षी दिसली तर साधारण इ.स.पू. पहिलं ते इसवी सनाचं दुसरं शतक. नुसत्या पातळ लाल विटा असतील तर बहुधा दुसरं शतक किंवा पुढचं. हे सगळं फक्त भिंतीचं बाहेरचं आवरण, आत चुना, दगडगोटे आणि ज्वालामुखी राख मिसळलेलं काँक्रीट आहे. पडक्या भिंतीची कड दिसली की आवरण आणि गाभा वेगळे दिसतात. एक लक्षात ठेवा, ओस्तियाचा मोठा भाग १९३८ ते १९४२ या काळात घाईघाईने उकरला, कारण १९४२ मध्ये रोमला जागतिक प्रदर्शन भरवायचं होतं. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. त्या वेळच्या डागडुजीचा भागही मधून मधून आहे, तेव्हा फार नीटनेटकी भिंत दिसली तर जरा संशय घ्यावा.

मुख्य रस्ता सरळ आहे, चुकायला होत नाही. नाट्यगृहाच्या मागच्या चौकात वेळ काढा. याला महामंडळांचा चौक म्हणतात. तिन्ही बाजूंना छोटे छोटे गाळे आणि प्रत्येकासमोर काळ्या-पांढऱ्या मोझेकची फरशी: जहाज, दीपस्तंभ, धान्याचं माप. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राता बंदराच्या व्यापाऱ्यांनी हत्ती काढून घेतला आहे, तर सार्डिनियाच्या काल्यारीवाल्यांनी आपलं नाव लिहून जहाज. लिहिता-वाचता न येणाऱ्या खलाशालाही आपलं ऑफिस सापडावं, असंच ते दिसतं.

तिथून दियानाच्या घराकडे वळा. हे गोरगरीब आणि मध्यमवर्गीयांचे अनेक मजली भाड्याचे वाडे, जे पॉम्पेईत असे दिसत नाहीत. समोरच खाद्यपेयांचं दुकान आहे: दारातच संगमरवरी कट्टा, खाली भांडी धुवायचं टाकं, मागे फळ्या आणि भिंतीवर काय काय मिळेल त्याचं रंगवलेलं चित्र. मागच्या अंगणात बसायची सोय. जवळच पिठाची गिरणी आहे, काळ्या ज्वालामुखी दगडाची कमरेएवढी जाती अजून जागच्या जागी उभी आहेत. सार्वजनिक शौचकूपाच्या संगमरवरी बाकाकडे सगळेच जातात, तुम्हीही जाल. फोटो काढा, पण बसू नका, रखवालदार ओरडतात.

शेवटी रोम: आधी कापितोलिन, मग पॅलाटाइन, मग फोरम

सकाळ कापितोलिन संग्रहालयाला द्या. आत एका दालनात जुन्या ठोकळ्यांची प्रचंड भिंत उघडी ठेवली आहे. हा ज्युपिटरच्या देवळाचा पाया. टार्क्विन राजांनी ते सुरू केलं आणि इ.स.पू. ५०९ मध्ये प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी त्याचं अर्पण झालं, असं परंपरा सांगते. मूर्ती घडवायला वेईचा एट्रुस्कन कलाकार बोलावला होता, अशी रोमन लेखक प्लिनीची नोंद आहे. व्हिला जुलियातला अपोलो याच वेईतला आणि साधारण याच पिढीतला. पुढे जग जिंकणाऱ्या शहराचं मुख्य देऊळ शेजाऱ्यांच्या हातचं होतं, हे त्या पायासमोर उभं राहिल्यावर नीट पटतं.

जवळच्याच दालनात रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या संस्थापकांना दूध पाजणारी कांस्याची लांडगीण आहे. शतकानुशतकं ती एट्रुस्कन म्हणून मिरवली. धातूकामाच्या आणि कार्बन तपासणीवरून ती मध्ययुगीन असावी असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत झालं आहे. तिच्याखालची जुळी मुलं तर पंधराव्या शतकात जोडलेली आहेत, त्यावर वाद नाही. पाटीवर काय लिहिलंय ते वाचा आणि मग तुमच्या एट्रुस्कन डोळ्यांना विचारा.

खालच्या मजल्यावरून तबुलारियम या प्राचीन दफ्तरखान्याच्या कमानींकडे जाता येतं. तिथून पूर्ण फोरम नकाशासारखा दिसतो. पाच मिनिटं उभं राहून रस्ता कुठून कुठे जातो ते ठरवा. मग कलोसियमच्या बाजूने आत शिरा आणि आधी पॅलाटाइन टेकडी चढा. वर लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांची भोकं खडकात आहेत, इ.स.पू. आठव्या शतकातली, आणि त्यांच्याभोवती सम्राटांचे महाल. खाली उतरताना आता तुफाचे ठोकळे, जाळीदार भिंत, विटा हे सगळं आपोआप वेगळं होत जातं.

फोरममध्ये एक दार शोधा. सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांच्या देवळाचे खांब अजून उभे आहेत, आणि त्यांच्यामागे चर्चची भिंत. त्या चर्चचं दार पायऱ्यांच्या कितीतरी वर, हवेत लोंबकळल्यासारखं आहे. ते बसवलं तेव्हा जमीन तिथवर होती. मातीने भरलेल्या फोरममध्ये गुरं चरत असत. त्या उंबरठ्यापासून तुमच्या पायाखालच्या फरशीपर्यंतची सगळी माती नंतर उपसलेली आहे.

फोरमच्याच कडेला मॅक्सेंशियस सम्राटाच्या सभागृहाच्या भव्य कमानी आहेत; त्यांच्याखाली आधी डोमिशियन सम्राटाने बांधलेली मिरीची वखार होती. त्या मिरीचा मोठा वाटा केरळातून, तांबड्या समुद्रामार्गे येत असे.

आपल्याकडचा धागा

नेपल्सला जाणार असाल तर तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईच्या एका घरात १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे. वीतभर उंचीची, अंगभर दागिने घातलेली आणि दोन बाजूंना दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणत आले असले तरी ती यक्षी असावी, असा अनेकांचा कल आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनमध्ये मिळाल्या आहेत, त्यामुळे ती दख्खनमधूनच गेली असण्याची शक्यता बरीच मानतात. उलट्या दिशेने आलेल्या वस्तूही आहेत: कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेला पोसायडनचा कांस्य पुतळा कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमन व्यापाराच्या काळातला मोठा संग्रह. इटलीला जाण्याआधी ही दोन बघून घेतली तर उत्तम, तिकीटही फार लागत नाही.

नेपल्सची हस्तिदंती मूर्ती 'गुप्त दालन' या विभागात ठेवलेली आहे आणि तो विभाग कधीकधी वेगळ्या वेळी उघडतो. दारावरच चौकशी करा. आणि हे संग्रहालय सोमवारी नाही, मंगळवारी बंद असतं.